एबीएसचा पिवळा दिवा: आधी मोजा, मग पार्ट बदला

पावसाळ्यात या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास असते. मीटरमध्ये एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पेटलाय, जोडीला ट्रॅक्शन कंट्रोलचाही (चाक जागीच घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा), आणि गॅरेजवाल्याने मोठा खर्च सांगितलाय. या अंकात फक्त हीच पत्रे घेतली आहेत. दिवा पेटला म्हणजे कुठल्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढेच कळते. कुठला पार्ट गेला हे मोजल्याशिवाय कळत नाही. खालची उत्तरे वाचताना एवढे ध्यानात ठेवा.

प्रश्न: गांधी मार्केटपाशी तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागली. पाणी दरवाजाच्या खालच्या कडेला टेकले होते. दुसऱ्या दिवसापासून एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल असे दोन्ही पिवळे दिवे पेटून आहेत. ब्रेक नेहमीसारखा लागतो. गॅरेजमध्ये ‘एबीएस मॉड्यूल गेले, नवीन टाका’ म्हणतात. खरेच टाकावे का? आणि तोवर गाडी चालवू का? (मुलुंड)

उत्तर: मॉड्यूलला, म्हणजे एबीएस चालवणाऱ्या कंट्रोल युनिटला, इतक्यात हात लावू देऊ नका. पाण्यातून गेल्यावर दुसऱ्या दिवशी दिवा पेटला, तर पहिला संशय चाकाजवळच्या स्पीड सेन्सरवर आणि त्याच्या कपलरवर (वायर जोडणाऱ्या प्लगवर) घ्यायचा. दोन दिवे एकदम पेटले म्हणजे दोन बिघाड झाले असेही नाही. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल या दोघांनाही त्याच चार सेन्सरकडून चाकांचा वेग कळतो. एका चाकाची खबर यायची थांबली की दोन्ही यंत्रणा स्वतःला बंद करून घेतात.

आधी दुसऱ्या प्रश्नाचे बोलू. फक्त पिवळे दिवे असतील तर साधा ब्रेक पूर्ण काम करतो, गाडी गॅरेजपर्यंत सावकाश नेता येते. मात्र ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर चाके जाम होतील आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळणार नाही. पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीपेक्षा बरेच जास्त ठेवा. पिवळ्या एबीएसबरोबर लाल ब्रेकचा दिवाही पेटला तर मात्र गाडी थांबवा. हँडब्रेक अर्धवट ओढलेला नाही ना ते बघा, मग ब्रेक ऑइलची पातळी बघा. पातळी खाली असेल तर गळती तरी आहे किंवा पॅड फार झिजले आहेत. पातळी बरोबर असूनही दोन्ही दिवे राहिले, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी ईबीडी यंत्रणासुद्धा बंद पडलेली असू शकते. तशा वेळी जोरात ब्रेक लागला की मागची चाके आधी जाम होतात आणि गाडीची शेपूट फिरते. गाडी टो करूनच न्या.

आता शोध. गॅरेजमध्ये स्कॅनर लावायला सांगा, पण कुठला ते विचारा. बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथ रीडर बहुतेक वेळा इंजिनचे ‘पी’ने सुरू होणारे कोडच वाचतात. एबीएसचे कोड ‘सी’ने सुरू होतात आणि त्यासाठी एबीएस मॉड्यूलशी बोलणारा स्कॅनर लागतो. सी००३५ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचे सर्किट. अनेक कंपन्या स्वतःचे वेगळे कोड वापरतात, म्हणून अर्थ त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच लावावा. कोड लिहून घ्या, फोटो काढा आणि मगच इरेज करू द्या. त्यानंतर लाइव्ह डेटामध्ये चारही चाकांचे वेग लावून गाडी ताशी २० किमीने सरळ चालवायची. तीन चाके २० दाखवतात आणि एक शून्य दाखवते किंवा आकडा उड्या मारतो, तेच चाक धरायचे.

त्या चाकापाशी असे जा. गाडी जॅकवर घेऊन खाली घोडी (जॅक स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर काम करू नका. चाक काढले की हबच्या मागे सेन्सर दिसेल, बहुधा १० नंबरच्या एकाच बोल्टवर बसवलेला. त्याची वायर शॉकअपच्या ब्रॅकेटमधून वर जाते. वायर बोटांत धरून पूर्ण लांबीवर चाचपा. शॉकअप किंवा लोअर आर्मचे काम झाल्यावर वायर क्लिपमध्ये परत बसवायची राहून जाते. मग ती टायरच्या आतल्या कडेला घासत राहते, आणि बाहेरून इन्सुलेशन धड दिसले तरी आतली तार तुटलेली असते. उंदरांनी कुरतडलेली वायरही मुंबईत कमी सापडत नाही.

पुढे कपलर उघडा. आत रबराचे छोटे सील असते. ते फाटले किंवा जागेवरून सरकले की पाणी आत शिरते आणि पिनांवर हिरवट कळंक चढतो. तुमच्या गाडीत हेच निघण्याची शक्यता सगळ्यात जास्त. काँटॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने पिना साफ करा, पूर्ण सुकू द्या, सीलला थोडे डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा आणि कपलर ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. पीन खाऊन बारीक झाली असेल तर कपलर बदलावा. नुसत्या वायरी पिळून टेप गुंडाळली तर पुढच्या पावसात दिवा परत पेटणार.

मोजणी करताना सेन्सरचा प्रकार ओळखणे महत्त्वाचे. जुन्या गाड्यांत पॅसिव्ह, म्हणजे नुसती कॉइल असलेला सेन्सर असतो. कपलर काढून मल्टिमीटरने मोजला तर रेझिस्टन्स साधारण १ ते २ किलोओम येतो. दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी ताडून पाहा, फरक मोठा असेल तर सेन्सर खराब. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत ॲक्टिव्ह सेन्सर आहे. त्याच्यात इलेक्ट्रॉनिक चिप असते, त्याला ओहममीटर लावू नका. रीडिंगला काही अर्थ नसतो आणि चिपला इजाही होऊ शकते. त्याऐवजी सेन्सरचा कपलर काढा, चावी ऑन करा आणि गाडीकडून येणाऱ्या दोन पिनांमध्ये व्होल्टेज बघा. बॅटरीच्या जवळपास किंवा थोडे कमी यायला हवे. चावी ऑन केल्यावर पहिल्या काही सेकंदांतच बघा, कारण बिघाड कळला की काही मॉड्यूल सप्लाय कापतात. व्होल्टेज येते पण चाक फिरवूनही वेग दिसत नाही, तर सेन्सर किंवा त्याच्या समोर चाकाबरोबर फिरणारी रिंग. व्होल्टेजच येत नाही, तर वायरिंग, फ्यूज किंवा अर्थिंग.

सेन्सर बाहेर काढलाच तर त्याची बैठक बघा. लोखंडी नकलवर (हब आणि सेन्सर ज्यावर बसतात त्या भागावर) गंजाची पापडी वाढली की ती सेन्सरला हळूहळू वर उचलते. सेन्सर आणि रिंग यांच्यातली फट जेमतेम एक मिलिमीटरची असते, ती थोडी वाढली तरी सिग्नल कमजोर होतो. काचकागदाने गंज साफ करा, टोकाला चिकटलेला लोखंडी कीस पुसा. गंजाने अडकलेला सेन्सर पक्कडीने पिळू नका, प्लास्टिक तुटून अर्धा भाग आतच राहतो. गंज सोडवणारा स्प्रे मारून थांबा आणि बाजूने हलवत काढा. बोल्ट साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर एवढाच आवळायचा.

हे सगळे ठीक निघाले, तीनही सप्लाय (पंपाच्या मोटरचा, व्हॉल्व्हचा आणि चावीचा) मॉड्यूलपर्यंत पोहोचत आहेत, अर्थिंगच्या वायरवर लोड असताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप नाही, आणि तरीही कोड येतोच आहे, तेव्हा मॉड्यूलकडे वळा. गॅरेजवाल्याला विचारा, ‘कोड कुठला आला, आणि सप्लाय मोजला का?’ उत्तर मिळाले नाही तर दुसऱ्या ठिकाणी दाखवा. नवीन मॉड्यूल सेन्सरपेक्षा कितीतरी पटीने महाग असते आणि बहुतेक गाड्यांत कोडिंग केल्याशिवाय चालत नाही. त्यामुळे कुर्ल्याच्या बाजारातून जुने आणून जोडले की काम झाले, असेही होत नाही.

दुरुस्तीनंतर दिवा लगेच विझला नाही तर घाबरू नका. काही गाड्यांत ताशी २०-३० किमीच्या वर गेल्यावर मॉड्यूल स्वतःची तपासणी करते आणि मगच दिवा जातो.

प्रश्न: सिग्नलला गाडी थांबता थांबता, अगदी शेवटच्या क्षणी, ब्रेक पेडल पायाखाली थरथरते आणि ‘कर्रर्र’ आवाज येतो. रस्ता कोरडा असतो, ब्रेकही हळूच दाबलेला असतो. दिवा एकही पेटत नाही. पॅड आणि डिस्क बदलून झाले, फरक नाही. (चेंबूर)

उत्तर: पॅड-डिस्कचा यात दोष नव्हता. डिस्क वाकडी असेल तर थरथर वेगात जास्त जाणवते आणि गाडी मंदावते तशी कमी होते. तुमच्याकडे उलटे आहे. ताशी १० किमीच्या आसपास एबीएस विनाकारण चालू होते आहे.

सेन्सरसमोरच्या दातेरी रिंगला तडा गेला किंवा तिच्याखाली गंज भरला की एका ठिकाणी दात्यांमधले अंतर बदलते. कमी वेगात मॉड्यूलला वाटते की हे चाक अचानक जाम झाले, आणि ते त्या चाकाचा ब्रेक सोडायला लागते. सिग्नल तुटलेला नसतो, फक्त चुकीचा असतो, म्हणून कोड पडत नाही. जुन्या पॅसिव्ह सेन्सरमध्ये सिग्नलचा जोर चाकाच्या वेगावर ठरतो, त्यामुळे फट वाढलेली असली की हा त्रास नेमका थांबताना होतो.

खात्री करण्यासाठी मोकळ्या मैदानात एबीएसचा फ्यूज काढून सावकाश चालवा आणि तसाच ब्रेक लावा. दिवा पेटेल, तो अपेक्षितच आहे. थरथर गेली तर निदान पक्के. फ्यूज लगेच परत बसवा. ‘फ्यूज काढूनच ठेवा साहेब, त्रास गेला ना?’ असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

मग लाइव्ह डेटा आलेखाच्या रूपात लावून गाडी ताशी १५ किमीवरून थांबवा. एका चाकाची रेघ बाकीच्यांच्या आधी खाली कोसळते. त्या चाकाची रिंग हाताने एक पूर्ण फेरा फिरवून टॉर्चने बघा, तडा केसाएवढा असतो. रिंग ड्राइव्ह शाफ्टवर दाबून बसवलेली असेल तर बऱ्याच गाड्यांसाठी ती सुटी मिळते, अख्खा शाफ्ट घ्यायची गरज नसते. त्याच वेळी चाक वर-खाली धरून हलवा. बेअरिंगला खेळ असेल तर फट सतत बदलत राहते, आणि नवी रिंग टाकूनही त्रास जाणार नाही.

प्रश्न: पुढच्या उजव्या चाकाचे बेअरिंग बदलले, त्याच दिवशी एबीएसचा दिवा लागला. गॅरेजने सेन्सरही नवा टाकला, तरी दिवा आहेच. (बोरिवली)

उत्तर: बेअरिंग उलटे बसले आहे, किंवा बिनचुंबकाचे बसले आहे. तुमच्या गाडीत बहुधा दातेरी रिंग नाहीच. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते आणि सेन्सर तीच वाचतो. दिसायला ती काळ्या किंवा तपकिरी साध्या सीलसारखीच, म्हणून प्रेसवर घेताना बाजू चुकते. पट्टीची बाजू सेन्सरकडे हवी. कागदाची लोखंडी पिन सीलजवळ नेली तर पट्टीच्या बाजूला हलकी ओढ जाणवते, दुसऱ्या बाजूला नाही. चुंबक दाखवणारे हिरवे कार्ड असेल तर त्यावर पट्टीचे एकाआड एक ध्रुव स्पष्ट दिसतात.

वाईट बातमी अशी की ते बेअरिंग काढून, फिरवून परत बसवता येत नाही. हबमधून बाहेर दाबताना सगळा जोर आतल्या गोळ्यांवरून जातो आणि त्यांच्या वाटेवर खड्डे पडतात. दुसरे नवे बेअरिंगच टाकावे लागेल, आणि बसवताना प्रेसचा जोर बाहेरच्या कड्यावर द्यायला सांगा. हा खर्च काम करणाऱ्याने सोसायला हवा, तसे स्पष्ट बोला.

प्रश्न: गाडी आठवड्यातून एकदाच निघते. सुरू केली की एबीएस, ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा), पॉवर स्टिअरिंग असे सगळे दिवे एकदम पेटतात आणि थोडे अंतर गेल्यावर विझतात. (गिरगाव)

उत्तर: बॅटरी तपासा. स्टार्टर फिरताना व्होल्टेज फार पडले की हे सगळे मॉड्यूल तक्रार नोंदवतात. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धीच. स्टार्ट करताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी संपत आली आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवेत. काही नव्या गाड्यांत चार्जिंग संगणक ठरवतो, तिथे आकडा कमी-जास्त होतो. टर्मिनलवरची पांढरी पावडरही काढा. बॅटरी बदलल्यावर ईएसपीचा दिवा राहिला तर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून गाडी थोडी सरळ चालवा. बऱ्याच गाड्यांत तेवढ्याने स्टिअरिंग अँगल सेन्सर आपली मधली जागा शोधतो. नाहीतर स्कॅनरने कॅलिब्रेशन करावे लागते. अलाइनमेंटनंतर दिवा लागला तरी इलाज हाच.

प्रश्न: सीएनजी गाडी आहे. चेक इंजिन आणि ट्रॅक्शनचा दिवा एकत्र पेटतात, एबीएसचा पेटत नाही. चाकांचे सेन्सर तपासले, ठीक आहेत. (भांडुप)

उत्तर: चाके सोडा, इंजिन बघा. चाक घसरले की ट्रॅक्शन कंट्रोल आधी इंजिनाची ताकद कमी करवते, मग त्या चाकाला ब्रेक लावते. इंजिनच बिघडलेले असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून यंत्रणा बाजूला होते. एबीएसचा दिवा नाही, यावरूनच सेन्सर धड आहेत हे कळते. पी०३०० ते पी०३०४ यांपैकी कोड असेल तर मिसफायर आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. सीएनजीवर ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि सीएनजीवर मार खातो. प्लग काढून गॅप मोजा, कॉइल एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर टाकून बघा. मिसफायरचा कोड तिच्याबरोबर सरकला तर दोष कॉइलचा.

प्रश्न: पंक्चर झाल्यावर स्टेपनी लावून एक्सप्रेस हायवेने घरी आलो, वाटेत ट्रॅक्शनचा दिवा लागला. (अंधेरी)

उत्तर: स्टेपनीचा साइज वाचा. गाडीला २१५/६० आर१६ आणि स्टेपनी १९५/६० आर१६ असेल तर व्यास ६६४ मिमीच्या जागी ६४० मिमी होतो, म्हणजे साडेतीन टक्क्यांहून जास्त फरक. ते चाक सतत जास्त वेगाने फिरते आणि मॉड्यूलला ते घसरतेय असे वाटते. स्टेपनीवरच्या स्टिकरवर लिहिलेला वेग, बहुधा ८० किमी, ओलांडू नका आणि लवकरात लवकर मूळ टायर लावा. एकच टायर नवा आणि जोडीचा गुळगुळीत असेल तरीही कधी कधी हेच होते. टायर एकाच ॲक्सलवर जोडीने बदला.

प्रश्न: ब्रेक ऑइल बदलल्यापासून पेडल नरम लागते. चारही चाकांची हवा दोनदा काढली. (विलेपार्ले)

उत्तर: ऑइल बदलताना मास्टर सिलिंडरची बाटली मध्येच रिकामी झाली असणार आणि हवा एबीएसच्या ब्लॉकमध्ये शिरली असणार. तिथले काही व्हॉल्व्ह एरवी बंद असतात, पेडल मारून ती हवा निघत नाही. स्कॅनरमधल्या एबीएस ब्लीडिंगच्या कमांडने पंप आणि व्हॉल्व्ह चालवायचे, आणि त्यानंतर चारही चाकांची हवा मॅन्युअलमधल्या क्रमाने पुन्हा काढायची. पूर्ण बदलाला साधारण एक लिटर ऑइल हाताशी ठेवा आणि बाटली अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

ऑइल बाटलीच्या झाकणावर लिहिलेलेच घ्या. डॉट ४ प्रकारचे ऑइल नवे असताना किमान २३० अंशांना उकळते, पाणी शोषल्यावर ही हद्द १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. मुंबईच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी बदल चुकवू नका, त्याच पाण्याने ब्लॉकचे व्हॉल्व्हही आतून गंजतात. सिलिकॉनचे डॉट ५ एबीएसच्या गाडीत कधीही घालू नका. डॉट ५.१ हा वेगळा प्रकार आहे, त्याला ही मनाई नाही.

प्रश्न: ट्रॅक्शनचा दिवा चढावर नुसता लुकलुकतो आणि विझतो. दाखवू का? (घाटकोपर)

उत्तर: नको. लुकलुकणे म्हणजे यंत्रणा काम करते आहे. दिवा पेटून राहिला तर बिघाड, आणि खाली ‘ऑफ’ लिहिलेला दिवा असेल तर बटण दाबले गेले आहे. चिखलात चाक अडकून जागीच फिरत असेल तर तेवढ्यापुरते बटण बंद करा, बाहेर आल्यावर लगेच चालू करा. एबीएस काम करताना पेडल थरथरले तरी पाय उचलू नका. पेडल सोडून-दाबून ब्रेक मारायची सवय जुन्या गाड्यांची आहे. इथे पूर्ण दाबून धरायचे आणि स्टिअरिंगने वाट काढायची.

प्रश्न: जुनी गाडी घेतोय. एबीएस चालू आहे हे कसे ओळखू? (कुर्ला)

उत्तर: आधी त्या मॉडेलच्या त्या व्हेरियंटला एबीएस होते का ते बघा. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचे झाले, त्याआधीच्या साध्या व्हेरियंटमध्ये नसूही शकते. मग इंजिन सुरू न करता चावी ऑन करा. एबीएसचा दिवा पेटून काही सेकंदांनी आपोआप विझायला हवा. पेटलाच नाही तर कोणीतरी तो झाकला किंवा काढला आहे. इंजिन सुरू होईपर्यंत थांबून ऑइल किंवा बॅटरीच्या दिव्याबरोबरच विझला, तर त्याची वायर त्या दिव्याला जोडलेली असण्याची शंका घ्या. गाडी निघाल्यावर ताशी १०-२० किमीला पुढून पंपाची बारीक ‘घुर्र’ ऐकू येते, ती तपासणीची खूण.

गाडी पुरात बुडालेली नाही ना, हेही बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मुळापाशी चिखलाची रेघ दिसते का, सीटच्या रुळांखालच्या बोल्टना गंज आहे का. शेवटी स्वतःच्या माणसाकडून स्कॅन करून घ्या. एबीएस मॉड्यूल स्कॅनरला उत्तर देत नसेल किंवा दुसऱ्या मॉड्यूलमध्ये यू०१२१ (एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटला) हा कोड पडला असेल, तर सौदा ठरण्याआधी दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मागा. नुकतेच कोड पुसलेले असू शकतात, म्हणून स्कॅन गाडी दहा-पंधरा किमी चालवल्यानंतर करा.